शेळ्या गवत सोडून काट्याच्या पाल्याकडंच का पळतात?

माणदेशी_गडी:
नमस्कार मंडळी, माण तालुक्यातनं लिहितोय. उस्मानाबादी शेळ्या आहेत, सकाळी रानात सोडतो. बांधाला मारवेल गवत गुडघ्याएवढं आलंय तरी दोन घास घेतात की पळाल्या बोरी-बाभळीकडं, पुढचे पाय खोडाला लावून उभ्या राहतात आणि काट्यातनं एकेक पान खुडतात. शेजाऱ्याच्या मेंढ्या त्याच मारवेलावरनं दुपारपर्यंत मान वर काढत नाहीत. घरी नेपियर गवत टाकतो त्याची पण दांडकी तशीच पडून राहतात. शेळ्यांना काही कमी पडतंय का? की चारणं बंद करून गोठ्यातच घालू सगळं?

रानवाट:
काही कमी नाही भाऊ, शेळीचा स्वभावच पाला खायचा. तोंड बघा ना, निमुळतं, ओठ हलते, म्हणून काटा चुकवून पान बरोबर उचलते. गाय जिभेनं गवताचा वेढा घेऊन ओढते म्हणून तिला गवत जरा उंच लागतं, आणि मेंढी पार बुडापासनं कुरतडते. बाभळीच्या पाल्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, पण शेळीला मेंढीपेक्षा जास्त सोसतं. आणखी एक फायदा आहे जो लोक विसरतात, जंताच्या अळ्या गवताच्या बुडाला असतात, दव असलं की थोड्या वर चढतात, शेळी वरचा पाला खाते तेव्हा त्यातनं वाचते. म्हणून चारणं अजिबात बंद करू नका, फक्त दव उठल्यावर सोडा.

शेळीवाली_ताई:
रानवाट दादांशी सहमत. दादा, नेपियर अख्खं टाकू नका, कुट्टी करा म्हणजे बारीक तुकडे करा, तीही कोवळी असतानाच. आणि पाला जमिनीवर नको, पेंढी बांधून तोंडाच्या उंचीवर टांगा, पायाखाली तुडवलेलं आणि लेंडी-मूत लागलेलं शेळी तोंडात घेत नाही, सगळा चारा वाया जातो. शेवरी, हादगा बांधाला लावून टाका. सुबाभूळ पण छान खातात पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, त्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, केस गळायला लागतात. उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा गोळा करून ठेवा, मी तर दरवर्षी पोती भरून ठेवते.

धनगरवाडा:
सगळं बरोबर, पण एक गोष्ट कळकळीनं सांगतो. कडवळ, म्हणजे चाऱ्याची ज्वारी, कापल्यावर जे कोवळे फुटवे येतात, किंवा पावसानं ताण दिल्यावर खुरटलेली ज्वारी, तिथं कळप जाऊ देऊ नका. किराळ लागते, सायनाइडचं विष ते, पोट फुगतं, धापा टाकतं आणि जनावर बघता बघता आडवं होतं. डॉक्टरकडं इंजेक्शन असतं पण वेळच मिळत नाही बऱ्याचदा. शेळी असो, मेंढी असो की गाय, हिरवं कोवळं दिसलं की तुटून पडतात, त्यांना त्यातलं कळत नाही, राखणाऱ्यालाच बघावं लागतं.

माणदेशी_गडी:
बरं झालं सांगितलं, ओढ्याच्या कडेला मागच्या पंधरवड्यात कडवळ कापलंय आणि वाट तिथनंच आहे. उद्यापासनं वरच्या अंगानं नेतो. ताई, शेवरीचं बी आता टाकलं तर चालेल का?

शेळीवाली_ताई:
पाणी देता येत असेल तर टाका, पण वर येईपर्यंत शेळ्यांपासनं कुंपण घाला.