गाडी चालताना आवाज येतो म्हणता, तर पिनियनचं (डिफरन्शियलमधल्या छोट्या गिअरचं) सील, म्हणजे तेल गळू न देणारी रिंग, कधी बदललं होतं?

ॲक्सिलरेटर सोडला की आवाजाचा सूर बदलतो, म्हणजे डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी) गेलं, त्यातल्या क्राउन-पिनियन या मोठ्या-छोट्या गिअरचा जोड बदला, असं वर एकाने सुचवलंय. संशय रास्त आहे, पण आधी एक करून बघा. जुन्या रिअर-व्हील ड्राइव्ह गाड्यांत चौथा गिअर बहुतेक वेळा डायरेक्ट असतो, म्हणजे इंजिनाची ताकद सरळ मागे जाते, त्यात गिअरबॉक्समधल्या दात्यांवर भार येत नाही. चौथ्यात आवाज गेला तर दोष गिअरबॉक्सचा. वेग तोच ठेवून कुठल्याही गिअरमध्ये तसाच राहिला, तर मागे बघा.

माझ्या गाडीत हा आवाज पिनियनचं सील बदलल्यावर सुरू झाला. मेकॅनिकने नट लांब पाइप लावून आवळला होता. आतला क्रश स्पेसर (पिनियनच्या बेअरिंगमधली, नट आवळताना चेपणारी धातूची नळी) जास्त चेपला आणि बेअरिंगवर नको तेवढा ताण आला. थोडं चालवून पिनियनजवळ हात लावला तर चटका बसला! नट नुसता सैल करून भागत नाही, चेपलेला स्पेसर परत फुगत नाही. नवा स्पेसर घालून, पिनियन फिरवायला किती जोर लागतो ते मोजतच आवळावं लागलं. बेअरिंग वेळीच बदलल्याने दाते वाचले. म्हणून विचारतोय, तुमचं सील कुणी, कधी बदललं होतं?