आरएक्स १०० ला आरएक्स १३५ चे हेड बसवल्यास घाटात शक्ती वाढेल काय?

प्रश्न : संत्राबाग (अचलपूर तालुका)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे वडिलांनी घेतलेली १९९३ ची यामाहा आरएक्स १०० मोटारसायकल आहे. इंजिन मूळचेच असून अलीकडे रीबोर करून (झिजलेला सिलिंडर आतून किंचित रुंद करून) पहिल्या ओव्हरसाइजचा, म्हणजे थोडा मोठा, पिस्टन टाकला आहे. गाडीचे मुख्य काम म्हणजे वावरातला भाजीपाला परतवाड्याच्या बाजारात नेणे आणि अधूनमधून चिखलदऱ्याच्या हॉटेलवाल्यांना पोहोचवणे. धामणगाव गढीपर्यंत गाडीची काही तक्रार नसते. मात्र पुढे घाट लागला आणि मागे दोन क्रेट असले, की तिसऱ्या गियरवर ती दम तोडते आणि दुसऱ्यावर आणली तर इंजिन फार तापते.

आमच्या मिस्त्रींचे म्हणणे असे, की आरएक्स १३५ चे जुने हेड (सिलिंडरचे वरचे झाकण) मिळते आहे, ते टाकावे. मोठ्या गाडीचे हेड असल्याने ताकद वाढेल. ते जमले नाही तर माझेच हेड खरादावर एक मिलिमीटर कापून कॉम्प्रेशन, म्हणजे आतल्या मिश्रणावरचा दाब, वाढवावे. या दोहोंपैकी काय योग्य, आणि हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर ते टिकेल काय, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ : खरादवाला (अमरावती)

भाऊ, १३५ चे हेड घेऊ नका. त्याने शक्ती वाढणार नाही, उलट कमी होईल. कारण थोडे सविस्तर सांगतो, म्हणजे मिस्त्रींनाही पटवून देता येईल.

टू-स्ट्रोक इंजिनाच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह नसतात. हवा-पेट्रोल आत येण्याचे आणि धूर बाहेर जाण्याचे मार्ग ब्लॉकच्या, म्हणजे सिलिंडरच्या, भिंतीत पोर्टच्या रूपाने असतात. त्यामुळे हेड हे केवळ डब्याचे झाकण आहे, आणि झाकण डब्याच्या मापाचेच लागते. आरएक्स १०० चा बोर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिलिमीटर व स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ५० मिलिमीटर, म्हणून क्षमता सुमारे ९८ सीसी. आरएक्स १३५ चा स्ट्रोक तेवढाच असला तरी बोर ५८ मिलिमीटर, म्हणून क्षमता १३२ सीसी. साहजिकच १३५ च्या हेडमधली पोकळी त्या मोठ्या क्षमतेसाठी कोरलेली असते. हिशेबासाठी असे धरा, की तुमच्या हेडखालची पोकळी १४ सीसी आहे. मग कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) ९८ अधिक १४ भागिले १४, म्हणजे ८ होतो. त्याच प्रमाणात मोठी, म्हणजे १९ सीसीची पोकळी याच ब्लॉकवर ठेवली, तर तो ६.२ च्या आसपास उतरतो. किक हलकी लागेल, पण चढावर गाडी आणखी मवाळ होईल.

दुसरा दोष याहून वाईट आहे. हेडच्या कडेला जो सपाट पट्टा असतो, त्याला स्क्विश बँड म्हणतात. पिस्टन वर येताना या पट्ट्याखालचे मिश्रण दाबून मधोमध प्लगकडे ढकलले जाते. त्यामुळे जळण लवकर व एकसारखे होते आणि कडेचे मिश्रण आपोआप पेटून टकटक होण्याचा धोका कमी राहतो. ५८ च्या हेडचा पट्टा ५० च्या बोरवर ठेवला, तर त्याचा बराचसा भाग पिस्टनच्या बाहेर, ब्लॉकच्या काठावर जातो. सभोवती ४ मिलिमीटर रुंदीचा उघडा काठ उरतो, गॅस्केटची कड थेट ज्वाळेत येते आणि तिथे साचलेला कार्बन निखाऱ्यासारखा धुमसतो. स्टड (हेड कसायचे बोल्ट) जुळले म्हणून हेड जुळले असे नसते, एवढे मिस्त्रींना जरूर सांगा.

आता हेड कापण्याविषयी. ५० च्या बोरवर अर्धा मिलिमीटर कापला की पोकळी सुमारे १ सीसीने कमी होते. वरच्याच हिशेबात १४ चे १३ झाले, की रेशो ८ वरून साधारण ८.५ होतो. यातून मिळणारी वाढ शंभरात दोन-तीन इतकीच असते, आणि आरएक्स १०० ची मूळ शक्ती ७५०० आरपीएमला ११ हॉर्सपॉवर आहे, म्हणजे पाव हॉर्सपॉवरच्या आसपासचा मामला. एक मिलिमीटर मात्र सरसकट कापूच नये, कारण तेवढ्याच मापाने पिस्टन व हेड यांच्यातले अंतरही घटते. कापायचेच असेल तर आधी हे अंतर मोजा. प्लगच्या भोकातून सोल्डरची तार सिलिंडरच्या भिंतीला टेकेपर्यंत आत घाला, किक हाताने दाबून पिस्टन एकदा वरच्या टोकावरून न्या, आणि तारेचे चपटे झालेले टोक व्हर्नियरने मोजा. पिस्टन पिनच्या दिशेत दोन्ही बाजूंनी मोजले म्हणजे पिस्टन कलल्याने येणारी चूक टळते. एवढ्या लहान इंजिनाला १ मिलिमीटरच्या आसपासचे अंतर चांगले; ते ०.७ च्या खाली गेले तर गरम इंजिनात पिस्टन हेडला शिवू शकतो. माझ्याकडे ‘काका, फक्त थोडे घासून द्या’ म्हणत येणारी मुले हे माप कधीच घेऊन येत नाहीत, आणि मग खरादवाल्याचा हात वाईट ठरतो.

उत्तर २ : जुनी बुलेट (वर्धा)

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. फक्त ‘हेड बदलले की ताकद वाढते’ हा समज कुठून आला, ते सांगावेसे वाटते. फोर-स्ट्रोक इंजिनात तो बऱ्याच अंशी खरा असतो, कारण तिथे व्हॉल्व्ह आणि पोर्ट हेडमध्येच असतात आणि मोठा व्हॉल्व्ह जास्त हवा आत घेतो. तिथेही दुसऱ्या इंजिनाचे हेड आणताना बोर जुळतो का आणि व्हॉल्व्ह पिस्टनला आदळत नाही ना, हे पाहावेच लागते. पिस्टनच्या माथ्यावर मुलांच्या खेळण्यातली चिकणमाती ठेवून, हेड कसून, इंजिन हाताने सावकाश फिरवले, की मातीत उमटलेल्या ठशावरून अंतर कळते.

टू-स्ट्रोकमध्ये खरी ताकद पोर्ट आणि सायलेन्सर यांत असते. राजदूत ३५० चे उदाहरण घ्या : मूळ यामाहा आरडी ३५० ची शक्ती ३९ हॉर्सपॉवर होती, भारतात ती आधी ३०.५ आणि नंतरच्या आवृत्तीत २७ वर आणली गेली, आणि त्यात मोठा वाटा आवळलेल्या सायलेन्सरचा होता.

संत्राबाग

दोघांचेही आभार. तार घालून मोजले, अंतर १.२ भरते, म्हणजे कापायला जागा थोडीच दिसते. मिस्त्री आता म्हणतात, की हेड नको तर १३५ चा पूर्ण ब्लॉक, पिस्टन आणि हेड असा संचच टाकू. हे कसे राहील?

उत्तर ३ : घाटवाट (परतवाडा)

दादा, संच टाकला तर मापे एकमेकांशी जुळतील, हे खरे. पण मग आरसी बुकावर ९८ सीसी आणि रस्त्यावर १३२ सीसी अशी गाडी होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निर्वाळा दिला आहे. कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी मालकास पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. दंडाचे एक वेळ सोडा; घाटात अपघात झाला आणि विमा कंपनीने इंजिन तपासले, तर दावा अडू शकतो.

तुम्हाला वेग नको आहे, चढावर ओढ हवी आहे. त्यासाठी पुढचे स्प्रॉकेट (साखळीचे दातेरी चाक) एका दाताने लहान करा. समजा १४ दात आहेत. १३ केले की मागच्या चाकावरची ओढ सुमारे साडेसात टक्क्यांनी वाढते, म्हणजे हेड कापून मिळणाऱ्या वाढीच्या दुपटीहून जास्त. त्या बदल्यात सपाट रस्त्यावरचा वेग तेवढाच कमी होईल आणि त्याच वेगाला पेट्रोल किंचित जास्त लागेल. क्रेट वाहणाऱ्या गाडीला हा सौदा परवडतो. त्याआधी सायलेन्सरच्या आतली नळी काढून पाहा. आपल्याकडे बाटलीने अंदाजे तेल ओतण्याची पद्धत असल्यामुळे ती काजळीने बुजलेली असते, आणि बुजलेल्या नळीची गाडी नेमकी तुम्ही सांगता तशीच वागते. एक्झॉस्ट पोर्टच्या तोंडाशीही लाकडी पट्टीने खरवडून घ्या, लोखंडी पात्याने नको.

पेट्रोलचा प्रश्न राहिला. इथेनॉलमुळे टकटक वाढत नाही, कारण त्याचे ऑक्टेन जास्त असते. अडचण मिश्रणाची आहे. साध्या पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, तर ई-२० ला (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) साधारण १३.५. जुन्या कार्बोरेटरला हे समजत नाही, त्यामुळे मिश्रण पातळ होते आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ वर असताना पिस्टन जाम होण्याची भीती असते. मेन जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोल सोडणारी छिद्राची चकती) एका आकाराने मोठे घ्या. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर असल्याने वर हवा साधारण दहा टक्क्यांनी विरळ असते व तेच मिश्रण तिथे दाट होते, म्हणून जेटची परीक्षा वर जाऊन करू नका. धामणगाव गढीच्या अलीकडे, सपाटीवर, क्रेट लादून, पूर्ण थ्रॉटलवर थोडे अंतर चालवा, क्लच दाबून इंजिन तिथेच बंद करा आणि प्लग काढा. चिनी मातीचा भाग विटकरी-तपकिरी असेल तर जेट बरोबर आहे. पांढरट असेल तर आणखी एक आकार वाढवा आणि तोपर्यंत घाट चढू नका.