३६ व्होल्टच्या ई-सायकलला स्वस्तात घरगुती एलईडी: मेन बॅटरीवरून चालतील का?

चाकपाणी:
मंडळी, साध्या सायकलला २५० वॅटचं हब मोटर किट बसवलेलं आहे. बॅटरी लिथियम-आयन, ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवर. पुढे पांढरा हेडलाइट, मागे लाल टेललाइट आणि जमल्यास ब्रेकलाइट, एवढं घरीच करायचं आहे. तयार लाइटचा चार्ज ऐन वेळी संपतो, म्हणून मेन बॅटरीवरूनच घ्यायचे आहेत. विचार असा आहे: एलएम२५९६ आयसीचं बक मॉड्यूल (व्होल्टेज उतरवणारा तयार कन्व्हर्टर), त्याच्यापुढे १२ व्होल्टची एलईडी पट्टी. बजेट चारपाचशे रुपये. काही चुकतंय का? आणि रेंज किती कमी होईल?

सोल्डरगन:
मॉड्यूल बदला, बाकी विचार ठीक आहे. ३६ व्होल्ट हे नुसतं नाव झालं. आत १० सेल सिरीजमध्ये असतात आणि प्रत्येक सेल ४.२ पर्यंत भरतो, म्हणजे फुल चार्जला ४२ व्होल्ट. साध्या एलएम२५९६ ची कमाल मर्यादा ४० आहे आणि स्वस्त मॉड्यूलवर इनपुटचा कपॅसिटर बऱ्याचदा ३५ व्होल्टचाच असतो. दुकानात अर्ध्या बॅटरीवर छान चालेल, रात्रभर चार्ज करून सकाळी स्विच दाबला की जाईल. आयसी शॉर्ट होऊन गेला तर बॅटरीचा पूर्ण व्होल्टेज एलईडीवर येतो, मग पट्टीही गेली.

एक्सएल७०१५ चं मॉड्यूल घ्या, ते ८० व्होल्टपर्यंत चालतं. त्याच्यावर ०.८ अँपिअर लिहिलेलं असतं, पण १२ व्होल्टला अर्ध्याच्या वर जाऊ नका, तापतं. आपलं काम ०.३ मध्ये भागतं. पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळेल.

एलईडी जोडण्याआधी मल्टिमीटर लावून आउटपुट १२ ला आणा. मॉड्यूलवरच्या निळ्या ट्रिमपॉटचे (आउटपुट कमीजास्त करणारा स्क्रू) सुरुवातीचे बरेच फेरे काहीच बदल दिसत नाही, तेव्हा ‘खराब निघालं’ म्हणून सोडून देऊ नका, फिरवत राहा. १२ आले की स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका, नाहीतर खड्ड्यांनी सेटिंग हलतं.

पट्टी हेडलाइटला निरुपयोगी. तिचा उजेड चहूकडे पसरतो, रस्त्यावर काही पडत नाही. पुढे असं करा:

- १ वॅटचे ३ पांढरे एलईडी (स्टार पीसीबीवरचे, म्हणजे चांदणीच्या आकाराच्या छोट्या धातूच्या प्लेटवर बसवलेले), सिरीजमध्ये
- १० ओम, २ वॅटचा एक रेझिस्टर
- प्रत्येकावर ३० अंशांची लेन्स
- ३ मिमी जाडीच्या अॅल्युमिनियम पट्टीचा १० सेंमी तुकडा आणि थर्मल पेस्ट

तीन एलईडी मिळून साधारण ९.६ व्होल्ट खातात. उरलेले २.४ भागिले १० म्हणजे ०.२४ अँपिअर. एलईडीची मर्यादा ०.३५ आहे, पण मुद्दाम कमी ठेवलंय. उजेडात फारसा फरक कळत नाही आणि उष्णता बरीच कमी होते. सोल्डरिंग एलईडी अॅल्युमिनियमच्या पट्टीवर बसवण्याआधी उरका. अॅल्युमिनियम सगळी उष्णता ओढून घेतं, मग २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्ननं टिन वितळतच नाही.

रेंजची काळजी नको. सगळं धरून बॅटरीतून ५ वॅटच्या आतच जातील. तीन तास लावले तरी १५ वॅट-अवर, आणि तुमची बॅटरी ३६० ची. जेमतेम एक किलोमीटरचा फरक.

पॅडल_मारुती:
कन्व्हर्टर हवाच कशाला? १० पांढरे ५ मिमी एलईडी सिरीजमध्ये लावले की ३२ व्होल्ट होतात. एक रेझिस्टर टाकला की काम झालं. वीस रुपयांत हेडलाइट.

सोल्डरगन:
@पॅडल_मारुती, पेटतील, पण हिशेब करून बघा. ४२ व्होल्टला २० मिलिअँपिअर हवेत तर रेझिस्टर ५०० ओमचा लागतो. बॅटरी ३६ वर आली की उरतात ४ व्होल्ट, म्हणजे ८ मिलिअँपिअर. ३२ च्या आसपास जवळपास अंधार. घरी परतताना, म्हणजे नेमकी गरज असताना लाइट मंदावणार. पैसे कन्व्हर्टर आणि फ्यूजवर घाला, काटकसर एलईडी आणि डब्यावर करा.

तारकाम:
वायरिंगबद्दल लिहितो, कारण एलईडीपेक्षा घोटाळे तिथेच जास्त होतात.

कनेक्शन बॅटरीच्या आउटपुटवरून, म्हणजे बीएमएसच्या (पॅकमधलं संरक्षण सर्किट) पुढून घ्या. पॅक उघडून मधल्या तीन सेलवरून ‘आयते १२ व्होल्ट’ काढायची युक्ती काही जण सांगतात, ती अजिबात करू नका. ते तीन सेल बाकीच्यांच्या आधी रिकामे होतात, पॅकचा तोल जातो आणि बॅटरी मरते. पॉझिटिव्हवर बॅटरीला अगदी खेटून १ अँपिअरचा फ्यूज. फ्यूज हँडलबारपाशी लावला तर मधली मीटरभर वायर उघड्यावर राहते, फ्रेमवर घासून शॉर्ट झाली की तीच पेटेल. स्कूटरसारखी फ्रेमची अर्थिंग नको, दोन वायरी ओढा.

मेन स्विच कन्व्हर्टरच्या आधी हवा. कन्व्हर्टरच्या नंतर लावला तर लाइट बंद असतानाही मॉड्यूल काही मिलिअँपिअर पीत राहतं. सायकल महिना-दोन महिने उभी राहिली तर बॅटरी तळाला जाते.

वायर ०.५ चौ. मिमी, मल्टिस्ट्रँडच. एकतारी वायर हादऱ्यांनी तुटते. मल्टिस्ट्रँडही तुटते, ती बरोबर टिन संपतो तिथे, म्हणून जोडापासून दोन सेंमीवर टाय मारून वायर बांधा. काळी टेप उन्हात चिकटपणा सोडते, हीटश्रिंक (तापवली की आवळणारी नळी) वापरा. डब्याला सिलिकॉन लावणार असाल तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको, तांबं हिरवं पडतं. आणि डब्याच्या तळाला २ मिमीचं एक भोक ठेवा. पावसाळ्यात वाफ आत साचणारच, तिला बाहेर पडायला वाट हवी.

चाकपाणी:
एक्सएल७०१५ घेतो. किटच्या ब्रेक लिव्हरला दोन वायरी आहेतच, त्यातूनच ब्रेकलाइट घेता येईल ना?

तारकाम:
नको. त्या वायरी कंट्रोलरला मोटर बंद कर म्हणून सांगतात. तिथे साधारण ५ व्होल्टचा सिग्नल असतो. त्यात १२ व्होल्ट शिरले तर कंट्रोलर जाईल. लिव्हरपाशी वेगळा मायक्रोस्विच बसवा, दहा-वीस रुपयांचा येतो.

मागे ८ लाल एलईडी, चार-चारच्या दोन रांगा. प्रत्येक रांगेला दोन रेझिस्टर: १ किलोओम टेललाइटच्या वायरवरून, २२० ओम ब्रेकच्या वायरवरून. टेलला सुमारे ३ मिलिअँपिअर, ब्रेक दाबला की २० च्या आसपास. फरक लांबूनही कळतो. टेलच्या वायरमध्ये १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) टाका. तो नसला तर दिवसा ब्रेक दाबताना करंट उलटा हेडलाइटच्या लाइनीत जातो. लाइटचा स्विच मेन स्विचपेक्षा वेगळा, कन्व्हर्टरच्या नंतर ठेवा आणि ब्रेकची वायर त्याच्या आधीच्या १२ व्होल्टवरून घ्या, म्हणजे लाइट बंद असतानाही ब्रेकलाइट लागेल.

सोल्डरगन:
एक राहिलं. हेडलाइट बसवल्यावर सायकल भिंतीपासून ५ मीटरवर उभी करा. उजेडाच्या ठिपक्याची वरची कड लाइटच्या उंचीच्या चार बोटं खाली पडली पाहिजे. ३० अंशांच्या लेन्सला त्यासाठी बऱ्यापैकी खाली झुकवावं लागतं, म्हणून क्लॅम्प फिरणारा घ्या.