तांदळातलं आर्सेनिक आणि आमचा फॅमिली ग्रुप

काका: तांदूळ ताटात पसरून वरून लोहचुंबक फिरवा, काळे कण चिकटले तर त्यात हेवी मेटल आहे. सगळ्यांनी करून बघा आणि पुढे पाठवा 🙏

ताई: काका प्लीज पुढे पाठवू नका हे. आर्सेनिक, कॅडमियम, शिसं, हेवी मेटल म्हणतात ते हेच विषारी धातू, आणि यातलं काहीच चुंबकाला चिकटत नाही, चिकटलाच तर गिरणीतला लोखंडाचा कीस असेल. रोप मुळातून पाण्याबरोबर हे धातू ओढून घेतं आणि ते दाण्याच्या आत जाऊन बसतात, दिसत नाहीत, वास नाही, चव नाही, लॅबशिवाय कळायचा मार्गच नाही.

आत्या: अगं पण भात चांगला शिजवला की मरत असेल ना ते

ताई: आत्या जंतू असते तर मेले असते गं 😄 मूलद्रव्य आहे ते, कितीही उकळ.

दादा: हे सगळं केमिकल शेतीचं पाप. आम्ही ऑरगॅनिक ब्राउन राइसवर आहोत, नो टेन्शन

ताई: दादा, उलट तुझ्याच तांदळात जास्त असू शकतं. आर्सेनिक कोंड्यात जास्त साठतं आणि ब्राउन राइसचा कोंडा काढलेलाच नसतो. कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न मानकांची, आर्सेनिकची मर्यादा बघ, पॉलिश केलेल्या तांदळाला किलोमागे ०.२ मिलिग्रॅम आणि ब्राउनला ०.३५. आणि ऑरगॅनिकचा इथे फारसा संबंध नाही, आर्सेनिक मुळात जमिनीत आणि भूजलात असतं. भाताच्या शेतात पाणी साचवून ठेवतात, मातीतला ऑक्सिजन संपतो, मग लोहाला धरून बसलेलं आर्सेनिक सुटतं आणि भाताचं रोप ज्या वाटेने सिलिका घेतं त्याच वाटेने तेही आत घेतं. गव्हाला असं पाण्यात उभं राहावं लागत नाही म्हणून त्यात आर्सेनिक बरंच कमी.

वहिनी: मग शेतात पाणीच कमी ठेवायचं ना ताई?

ताई: तिथेच तर गोची आहे वहिनी. शेत कोरडं ठेवलं की आर्सेनिक कमी होतं पण कॅडमियम वाढतं, त्यात जमीन आम्लधर्मी असेल तर आणखीच. फॉस्फेट खतातूनही कॅडमियम येतं, इथे दादाचा मुद्दा थोडा बरोबर आहे. गव्हात जास्त काळजी कॅडमियमचीच.

काका: त्याने काय होतं पोरी

ताई: किडनीत साठत जातं काका, अर्धं बाहेर पडायला १० ते ३० वर्षं लागतात. जपानमध्ये जिन्झू नदीकाठी खाणीचं दूषित पाणी भातशेतीत गेलं, लोकांची, त्यातही वयस्क बायकांची हाडं इतकी ठिसूळ झाली की नुसतं खोकल्यावर मोडायची. इताई-इताई म्हणतात त्या रोगाला, तो प्रदूषणाने झाला हे सरकारने १९६८ मध्ये मान्य केलं. अर्थात तिथलं प्रमाण भयंकर होतं, आपल्या ताटाशी थेट तुलना नको.

आत्या: बायकांनाच का पण

ताई: अंगात लोह कमी असलं की आतडं कॅडमियम जास्त शोषतं. हिमोग्लोबिन तपासून घे, किती दिवस टाळतेयस.

वहिनी: बाळाला आत्ताच राइस सिरियल सुरू केलंय, बंद करू का?

ताई: बंद नको, पण रोज तेच तेच नको, ओट्स, बार्ली असं आलटून पालटून दे. लहान मुलं वजनाच्या मानाने जास्त खातात, म्हणून अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, २०२० मध्ये बाळांच्या राइस सिरियलला आर्सेनिकची १०० पीपीबीची पातळी ठरवून दिली, म्हणजे किलोमागे ०.१ मिलिग्रॅम.

दादा: मला उपाय सांग, लेक्चर नको

ताई: आधी पाण्याला उकळी आण, त्यात तांदूळ ५ मिनिटं उकळ, ते पाणी फेक, मग ताज्या पाण्यात मंद आचेवर नेहमीसारखा शिजव. शेफिल्ड विद्यापीठाने २०२० मध्ये हीच पद्धत मोजली, पांढऱ्यात सुमारे ७३ टक्के आणि ब्राउनमध्ये ५४ टक्के आर्सेनिक गेलं. कॅडमियमला मात्र याचा एवढा भरवसा धरू नकोस.

दादा: आणि व्हिटॅमिन?

ताई: बी गटातली थोडी जातात, ते मान्य.

आत्या: आमच्याकडे तर बोअरचं पाणी

ताई: मग आधी पाणी तपासून घे, पाण्यातच आर्सेनिक असेल तर तांदूळ ते आणखी पिऊन घेणार. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातल्या आर्सेनिकची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणाऱ्या टीडीएस मीटरने हे कळत नाही हं, लॅबला हेवी मेटल टेस्ट असंच सांग.

काका: मीटर तर परवाच मागवलाय

आत्या: घरातल्या बाटलीतून नेलं तर चालेल का गं

ताई: नको, लॅबकडूनच बाटली घे, त्यातच भर.