मदत हवी आहे: 'ओशट' नेमकं कशाला म्हणायचं?

नमस्कार मंडळी,

आत्याच्या पाककृतींची वही टाइप करायला घेतली आहे. ती रत्नागिरीची. आता ती नाही, त्यामुळे तिलाच विचारायची सोय उरली नाही. घरातल्या मुलांना कळावं म्हणून जुन्या शब्दांचे अर्थ शेवटी देते आहे. आसट, रवाळ, फडफडीत झाले. 'ओशट'पाशी अडले आहे.

शब्दकोशात तेलकट, तुपकट, स्निग्ध असे अर्थ मिळतात. पण वहीत 'तेलकट' निराळं येतं. तेल नीट न तापवता सोडलेल्या पुऱ्या तेलकट होतात, असं तिने लिहिलंय. 'ओशट' कुठे येतं बघा:

"दाण्याचा कूट फार फिरवू नये, आमटी ओशट होते. आमसूल घालावंच."

"मटण निवलं की ओशट लागतं. कडकडीत गरम करून वाढावं."

"तारल्या पाऊस सरल्यावर घ्याव्या. तेव्हा चांगल्या ओशट असतात."

पहिली दोन वाक्यं मला लागतात. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेलच असतं. मिक्सर जास्त फिरवला की कूट मोकळा राहत नाही, भांड्याच्या कडांना धरून बसतो. मग आमटीवर तवंग येतो, दाण्याची गोडी मागे पडते आणि जिभेवर नुसता थर बसतो. आमसुलाने तो थर तुटतो, म्हणून तो 'घालावंच' मधला 'च'. मटणाचंही तेच. बोकडाची चरबी पूर्ण वितळायला 40 अंशांच्या वर तापमान लागतं आणि तोंडात तेवढी ऊब नसते. त्यामुळे गार रश्शातली चरबी टाळूला, दातांच्या मागे चिकटून राहते. वर गार पाणी प्यायलं तर आणखीच थिजते.

यावरून मी अर्थ असा लिहिलाय: तेलकट म्हणजे वरून तेल लागलेलं, बोटांना आणि कागदाला कळणारं, ओशट म्हणजे पदार्थाच्या अंगचा स्निग्धपणा, घास गिळल्यावरही तोंडात राहणारा. वनस्पती तुपाचं क्रीम थापलेला केक खाल्ल्यावर टाळूला जे जाणवतं, त्याला मी तरी बेधडक ओशटच म्हणेन.

पण तिसरं वाक्य या अर्थात बसत नाही. तिथे सरळ कौतुक आहे. पावसाळ्यानंतर तारलीच्या अंगात चरबी भरते, थेंबभर तेलावर ती तव्यात छान भाजली जाते, आणि तिखल्यात तिरफळं नि आंबट असल्यामुळे ती चरबी जड वाटत नाही. हे सगळं ठीक. पण ज्या शब्दाने आमटी बिघडते त्याच शब्दाने मासा चांगला ठरतो, हे कसं? मासे खाणाऱ्या घरांत 'ओशट' असं चांगल्या अर्थाने म्हणतात का? बांगड्याला म्हणतात का? की ही आत्याची स्वतःची बोलायची पद्धत?

शिवाय नीट न घासलेल्या कढईलाही आमच्याकडे ओशट म्हणतात. तिथे तोंडाचा संबंधच नाही, म्हणजे माझा अर्थ अपुराच पडतो.

आणखी एक. घाटावर मटणमासळीच्या जेवणाला वशाट म्हणतात. तो शब्द आणि हा एकाच कुळातले का? दोन्हींचं मूळ संस्कृत 'वसा', म्हणजे चरबी, इथे असेल का? व्युत्पत्तीची जाण असलेल्यांनी जरूर सांगावं.

विदर्भ, मराठवाडा, खानदेशातल्या मंडळींनी त्यांच्याकडचा शब्दही सांगावा. नुसता अर्थ नको. घरात ऐकलेलं अख्खं वाक्य लिहा, कोणत्या पदार्थाबद्दल होतं तेही, आणि गाव किंवा तालुका लिहिलात तर फार बरं. गोव्याकडच्यांनी तारल्यांबद्दल तर लिहावंच.