गर्दीत जवळचेच खेळाडू दाखवले तर अमेरिकेतलं पेटंट आडवं येतं काय?

टिळकवाडी: बेळगावात आम्ही तिघं मिळून ऑनलाइन गेम करतोय. बाजारपेठेचा सीन, एका सर्व्हरवर २०० खेळाडू. साध्या मोबाइलला एवढं झेपत नाही, म्हणून सर्व्हर प्रत्येकाला जवळच्या ४० जणांचीच जागा कळवतो. याच पद्धतीवर अमेरिकेत पेटंट होतं म्हणतात. गेम स्टीम आणि प्ले स्टोअरवर टाकायचाय. डिझाइन बदलायचं काय?

निपाणीकर: त्यासाठी बदलू नका. ते वर्ल्ड्स इन्कॉर्पोरेटेडचं पेटंट, क्रमांक ७१८१६९०. मूळ अर्ज १९९५चा, मुदत कधीच संपली. २०१२ला त्यांनी ॲक्टिव्हिजन या बड्या गेम कंपनीवर खटला भरला. २०२१मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या कोर्टाने 'ही नुसती अमूर्त कल्पना' म्हणून पेटंटचे दावे (नेमका कशावर हक्क ते सांगणारी कलमं) रद्द ठरवले आणि २०२२ला अपिलातही तेच कायम झालं. या निकालांचा पाया अमेरिकी सुप्रीम कोर्टातला २०१४चा ॲलिस खटला: अमूर्त कल्पना नुसती संगणकावर चालवली म्हणून पेटंट मिळत नाही. पण तोवर दहा वर्षं गेली! मोठी कंपनी टिकते, तिघांचा स्टुडिओ पहिल्या नोटिशीलाच गेम काढून घेतो. ढोबळ पेटंटचा खरा मार हाच.

कुठलंही पेटंट शीर्षकावरून आणि सारांशावरून जोखू नका, तिथंच लोक घाबरतात. गूगल पेटंट्सवर 'क्लेम्स', म्हणजे दावे, उघडा आणि स्वतंत्र दावे (दुसऱ्या दाव्यावर न टेकलेले) तेवढे घ्या. एकेका दाव्याचे तुकडे कागदावर मांडा, समोर आपला कोड. त्यातला एक तुकडा जरी तुमच्यात नसला, तरी तो दावा शब्दशः लागू होत नाही. याच पेटंटच्या पहिल्या दाव्यात सर्व्हरने थोड्यांच्या जागा पाठवल्यावर, त्यातले कोण दाखवायचे हे क्लायंटने (खेळाडूच्या मोबाइलवर चालणाऱ्या गेमने) पुन्हा ठरवायचं आहे. तुमचा क्लायंट आलेले ४०च्या ४० पडद्यावर दाखवत असेल, तर हा तुकडा तुमच्यात नाहीच.

मुदतही बघा: मूळ अर्जापासून साधारण २० वर्षं. अमेरिकेत मंजुरीनंतर साडेतीन, साडेसात आणि साडेअकरा वर्षांनी फी भरावी लागते. ती चुकली की पेटंट आधीच मेलेलं असतं.

खानापूर_डेव्ह: एक सांभाळा. पेटंट माहीत असून मोडलं असं ठरलं, तर अमेरिकेत भरपाई तिप्पटीपर्यंत जाते. 'आपलं यात बसतंय बहुतेक' असं व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहू नका, खटल्यात ते मागवलं जातं. शंका आली तर सरळ वकिलाला विचारा. अमेरिकी पेटंट अमेरिकेपुरतंच, म्हणून शंका मिटेपर्यंत प्ले कन्सोलमध्ये (प्ले स्टोअरवर गेम टाकतात तिथं) देशांच्या यादीतून अमेरिका काढून ठेवता येते.

चंदगडवाला: आपल्याकडे पेटंट कायदा १९७०, कलम ३(के): निव्वळ संगणक प्रोग्रॅम आणि अल्गोरिदम यांना पेटंट नाही. मात्र दिल्ली हायकोर्टाच्या २०१९च्या फरीद अल्लानी निकालानंतर 'तांत्रिक परिणाम' दाखवला की वाट मिळते, त्यामुळे गाफील राहू नका. अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. त्यानंतर पेटंट मंजूर होईपर्यंत कलम २५(१)खाली कोणीही विरोध नोंदवू शकतो. त्याला अर्जाच्या तारखेआधीचा पुरावा लागतो: जुन्या गेमचं मॅन्युअल, तारखेसह सार्वजनिक कमिट (कोडमधल्या बदलाची नोंद), संग्रहित पान. स्वतः अर्ज करणार असाल तर बेळगावचा अर्ज चेन्नई कार्यालयाकडे, पलीकडे चंदगडचा मुंबईला.

टिळकवाडी: क्लायंट बघितला. आलेले सगळे दाखवतो, पुन्हा गाळत नाही. दाव्यांचा तक्ता आजच करतो.

निपाणीकर: उत्तम. तक्त्यावर तारीख टाका आणि त्या दिवशीच्या कमिटचा क्रमांकही लिहा.