फुचिदाचं युद्धवर्णन खोटं ठरलं, मग त्याची साक्ष मानायची का?

सांजवेळ (धागाकर्ता)

युद्धात होरपळलेल्या आणि नंतर ख्रिस्ताकडे वळलेल्या माणसांची चरित्रं मी आवडीने वाचतो. त्यातली एक जोडगोळी फार गाजलेली. मित्सुओ फुचिदा हा ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर चाल करून गेलेल्या जपानी विमानांचा म्होरक्या. अचानक हल्ला साधल्याचा 'तोरा, तोरा, तोरा' हा इशारा त्याच्याच विमानातून गेला. दुसरा जेकब डीशेझर. एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकन अधिकारी डूलिटलच्या तुकडीने जपानवर बॉम्ब टाकले, त्यात हा होता. नागोयावर बॉम्ब टाकून विमान चीनकडे गेलं, इंधन संपलं, पॅराशूटने उतरल्यावर हा पकडला गेला. चाळीस महिने कैद, त्यातला बहुतेक काळ एकांतकोठडी. पकडलेल्या आठांपैकी तिघांना जपान्यांनी गोळ्या घातल्या, चौथा कोठडीत हाल होऊन मेला. १९४४ मध्ये डीशेझरला फक्त तीन आठवड्यांसाठी बायबल मिळालं आणि तिथे तो बदलला. १९४८ मध्ये मिशनरी म्हणून तो जपानला परतला, आणि पुढे ज्या नागोयावर बॉम्ब टाकले त्याच शहरात त्याने मंडळी (चर्च) उभी केली.

त्याच्या साक्षीची, म्हणजे ख्रिस्ताकडे कसा वळलो ते सांगणारी पत्रिका १९४८ मध्ये टोकियोच्या शिबुया स्टेशनाबाहेर फुचिदाच्या हातात पडली. मग त्याने बायबल मिळवलं आणि लूकच्या शुभवर्तमानातल्या वाक्यापाशी तो थांबला: 'हे बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही.' १९५० मध्ये दोघे भेटले. १९५१ मध्ये फुचिदाचा बाप्तिस्मा झाला.

आता अडचण. १९४२ मध्ये जपान हरलेल्या मिडवेच्या समुद्री लढाईबद्दल फुचिदाने लिहिलं की जपानी विमानवाहू जहाजांच्या डेकवर विमानं सज्ज होती, पाच मिनिटं मिळती तर उड्डाण झालं असतं. हे खरं नव्हतं. जपानच्या सरकारी युद्धेतिहासाने १९७१ मध्येच वेगळं चित्र दिलं होतं, आणि २००५ मध्ये अमेरिकन संशोधकांनी जहाजांच्या नोंदी तपासून दाखवलं की हल्ल्याची विमानं अजून खाली हँगरमध्येच होती.

माझं मत सरळ आहे. त्याचं युद्धवर्णन तपासून घ्या, जिथे खोटं आहे तिथे खोटं म्हणा. पण त्याच्या मनात झालेला बदल त्यावरून रद्द होत नाही.

---

रानवारा

असहमत. शिबुयाची पत्रिका, लूकचं वाक्य, मनातली उलथापालथ हे आपल्याला कोण सांगतं? फुचिदाच. आणि तारखा नीट बघा. मिडवेचं ते पुस्तक जपानीत आलं १९५१ मध्ये. बाप्तिस्मा १९५१. म्हणजे एकीकडे नवा जन्म, आणि त्याच वर्षी देशबांधवांना 'पाच मिनिटांनी हुकलो' अशी दिलासा देणारी थाप. दोन्ही गोष्टींत नायक तोच. युद्धानंतर नोकरी गेलेला, गावी शेती करणारा हा अधिकारी धर्मांतरानंतर अमेरिकाभर व्यासपीठांवर दिसू लागला. युद्धानंतर जपानचा कारभार बघणाऱ्या अमेरिकन सेनापती मॅकआर्थरने मिशनऱ्यांना जपानमध्ये आवर्जून बोलावलं होतं, त्या काळात असं नाव कुणाला नको होतं?

---

शेवंती

मी नगरची, तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती घरातली. रानवारा, आमच्या मंडळीत साक्ष देणाऱ्यावर लगेच कुणी विश्वास ठेवत नाही. लोक पुढची वर्षं बघतात. फुचिदा १९७६ मध्ये वारला, तोवर प्रचार करत राहिला. जपानमध्ये त्याच्या जुन्या सहकाऱ्यांनी त्याला गद्दार ठरवलं, तरी तो मागे फिरला नाही. आणि डीशेझरला कोणतं व्यासपीठ मिळालं? तीस वर्षं परक्या भाषेत गल्लीबोळांतून फिरला.

बाप्तिस्मा घेतला म्हणून माणसाची बढाई मारायची सवय त्याच दिवशी सुटते, असं आम्ही कधीच म्हटलेलं नाही.

---

पानकळा

माझा राग वेगळ्या जागी आहे. डूलिटलच्या वैमानिकांना चिनी शेतकऱ्यांनी लपवलं, खाऊ घातलं, पुढे पोचवलं. त्याचा सूड म्हणून जपानी सैन्याने झेजियांग आणि जियांगशी प्रांतांत गावंच्या गावं जाळली. मेलेल्या चिनी नागरिकांचा आकडा अडीच लाखांपर्यंत सांगितला जातो. बॉम्ब टाकणारा अमेरिकन आणि पर्ल हार्बरचा जपानी एकमेकांना मिठी मारतात, सभागृह रडतं. त्या अडीच लाखांच्या वतीने कुणी क्षमा केली? ही चरित्रं लिहिणाऱ्यांना चीन फक्त विमान पडायची जागा म्हणून लागतो.

---

रानवारा

पानकळा, +१. आणि जॉर्ज बार आठवतो का कुणाला? डीशेझरबरोबर जिवंत सुटलेल्या चौघांपैकी एक. सुटकेनंतर तो मनाने पार कोसळला, रुग्णालयात पडून राहिला, शेवटी डूलिटलने स्वतः लक्ष घातलं तेव्हा नीट उपचार मिळाले. तेच हाल, तीच कोठडी. त्याचं चरित्र चर्चच्या पुस्तकविक्रीत का दिसत नाही?

---

दगडफूल

मला आपल्याकडची लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आठवतात. त्यांचे पती ना. वा. टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली वर्षं त्यांनी झाकली नाहीत: रडणं, नवऱ्यावरचा संताप, सोवळं एकेक करून गळणं. तिथे प्रकाश एका झटक्यात पडत नाही, म्हणूनच ख्रिस्ती नसलेला वाचकही ते पुस्तक जवळ करतो. युद्धचरित्रांत मात्र अर्धं पुस्तक अंधार, मग एक रात्र, आणि उरलेलं सगळं उजेड. फुचिदापेक्षा मला या साच्याची जास्त तक्रार आहे.

---

सांजवेळ

दगडफूल, साच्याबद्दल पूर्ण सहमत. पण साचा मोडणारी उदाहरणंही आहेत. लुई झाम्पेरिनी घ्या, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमधला धावपटू. विमान पॅसिफिकमध्ये कोसळल्यावर ४७ दिवस तराफ्यावर, मग जपानी छावण्यांत वातानाबे नावाच्या सार्जंटची अमानुष मारहाण. घरी परतल्यावर दारू, दुःस्वप्नं, मोडायला आलेला संसार. १९४९ मध्ये अमेरिकन धर्मप्रचारक बिली ग्रॅहमच्या सभेनंतर तो बदलला आणि १९५० मध्ये टोकियोच्या सुगामो तुरुंगात जाऊन जुन्या पहारेकऱ्यांना भेटला. वातानाबेसाठीही क्षमेचं पत्र लिहिलं. १९९८ मध्ये तो जपानला गेला तेव्हा वातानाबेने भेटायला नकार दिला. हे चरित्रात तसंच येतं, गोड केलेलं नाही.

पानकळा, चिनी गावांबद्दल तुमचं म्हणणं मी पूर्ण मानतो. डीशेझरचं चरित्र लिहिणाऱ्याने झेजियांगवर एक अख्खं प्रकरण द्यायलाच हवं. ते दिल्याने त्याची साक्ष लहान होणार नाही. तो कोणत्या जगात क्षमा करत होता ते तरी कळेल.

---

पानकळा

मग वातानाबेचं उरलेलंही त्याच प्रकरणात यायला हवं. युद्धगुन्हेगारांच्या यादीत नाव असताना तो वर्षानुवर्षं लपून राहिला. १९५२ मध्ये जपानवरचा अमेरिकेचा ताबा संपल्यावर खटलाच मागे पडला, आणि तो उजळ माथ्याने धंदा करून पैसेवाला झाला. झाम्पेरिनीने त्याला क्षमा केली, तो त्याचा हक्क. पण त्या छावण्यांत मार खाल्लेले बाकीचे कैदी न्यायाची वाट बघत होते, आणि त्यांना कुणी विचारलं नाही.